टाकीच्या कव्हरातले कागद

आमच्या भागात नवी मोटारसायकल आली की आधी पूजा होते आणि मग टाकीवर रेक्झिनचं कव्हर चढतं. त्या कव्हराला चेनचा एक खिसा असतो. गाडीचे कागद त्यातच ठेवायचे, हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. मी हर्सूलला राहतो आणि फुलंब्री तालुक्यातल्या एका शाळेत शिकवतो. सावंगी, चौका करत जळगाव रोडने रोजचं येणं-जाणं. शाळेसमोर लागलेल्या गाड्यांपैकी बहुतेकींचे कागद याच खिशात असतात.

तो खिसा किती सुरक्षित आहे हे एकदा मे महिन्यात आमच्या स्टाफरूममध्ये दिसलं. एका सहकाऱ्याला विम्याची तारीख पाहायची होती. त्याने खिशातून प्लॅस्टिकचं पाकीट काढलं आणि आतला झेरॉक्स ओढला, तर कागद निम्मा कोरा. अक्षरं पाकिटाच्या आतल्या बाजूला चिकटली होती आणि तिथे उलटी दिसत होती. झेरॉक्सची शाई म्हणजे प्लॅस्टिकचीच भुकटी, ती कागदावर उष्णतेने बसवलेली असते. मराठवाड्याच्या उन्हात पत्र्याच्या टाकीवर दिवसभर तापलं की मऊ पाकीट ती ओढून घेतं. पेट्रोल भरताना चार थेंब सांडले तर अक्षरं फिसकटतात. पावसाळ्यात शिलाईतून पाणी आत झिरपतं, ते वेगळंच.

मग लोक साइड कव्हरचा आसरा घेतात, कारण त्याला किल्ली असते. पण वॉशिंग सेंटरला पाण्याचा फवारा नेमका तिथेच मारतात. चौपदरीकरणाच्या काळात जळगाव रोडची जी धूळ खाल्ली, ती साइड कव्हर उघडल्यावर पान्यांवर थरावर थर साचलेली दिसायची.

वडिलांच्या पिढीने यावर लॅमिनेशनचा उपाय काढला होता. आमच्या घरातलं जुनं आरसी बुक असंच पानं सुटी करून लॅमिनेट केलेलं होतं. वर्षानुवर्षं त्याला काही झालं नाही. पण पतसंस्थेचं कर्ज फिटल्यावर बोजा उतरवायची वेळ आली. पतसंस्थेचं पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन वडील आरटीओत गेले, तर लॅमिनेशनवर नोंद करायची कशी? शिक्काही बसेना. शेवटी ब्लेडने ते सोलताना पानाचा एक कोपरा निघून आला.

सगळ्यात महागात पडलं ते शेजारच्या काकांना. त्यांची गाडी बाजारातून चोरीला गेली आणि आरसी होती साइड कव्हरमध्ये. विम्याचा दावा करताना मूळ आरसी, गाडीच्या दोन्ही किल्ल्या आणि एफआयआर मागितला. तपासात काही हाती लागलं नाही, तेव्हा पोलिसांची ‘अ समरी’ही जोडावी लागली. किल्ल्या आणि एफआयआर होते, आरसी मात्र चोराकडे. म्हणजे फॉर्म २६ भरून, नसलेल्या गाडीची डुप्लिकेट आरसी काढण्यासाठी काका हेलपाटे घालत होते. गाडीबरोबर तिचे कागदही मिळाले की चोराला गिऱ्हाईक गाठणं सोपं जातं, हे हवालदारानेच त्यांना सांगितलं.

मूळ कागद रस्त्यावर बाळगायची गरज आता उरलेली नाही. २०१८ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १३९ वा नियम बदलला आणि कागद इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवायची मुभा मिळाली. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं लायसन्स आणि आरसी मूळ प्रतीइतकीच ग्राह्य धरली जाते. आणि जवळ काहीच नसेल, तर मागणी झाल्यापासून १५ दिवसांत कागद सादर करण्याची तरतूद त्याच नियमात आहे. चौकात हुज्जत घालण्यापेक्षा हे माहीत असलेलं बरं.

हर्सूल टी पॉइंटला तपासणी लागते तेव्हा एक संवाद हमखास कानावर पडतो. पोरगं गॅलरीतला आरसीचा फोटो दाखवतं आणि हवालदार म्हणतो, “फोटो नको भाऊ, ॲप उघड.” त्याचं बरोबरच असतं. स्क्रीनशॉट हा झेरॉक्सचाच भाऊ. डिजिलॉकरमध्येही आपण स्वतः चढवलेले कागद वेगळ्या कप्प्यात दिसतात. सरकारी नोंदीतून थेट आलेला कागद हवा.

तो आणताना आपल्याकडे नावाचं घोडं अडतं. आधारवर नाव आधी आणि आरसीवर आडनाव आधी, किंवा एकीकडे वडिलांचं नाव पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. मग नाव जुळत नाही असा निरोप येतो. आरसीला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडलेला असला तर ओटीपीही येत नाही. ही दुरुस्ती घरी बसून, सवडीने करायची. तपासणीला थांबवल्यावर नाही.

आमच्या घरची व्यवस्था आता अशी आहे. प्रत्येक गाडीची एक वेगळी फाइल कपाटात असते. त्यात मूळ आरसी, गाडी घेतल्याचं बिल, विमा आणि दुसरी किल्ली. फाइलवर विम्याची आणि पीयूसीची मुदत मोठ्या अक्षरात लिहिलेली. नव्या गाडीला पीयूसी वर्षभर लागत नाही, म्हणून पुढे ती हटकून विसरते. विम्यातही तसाच घोळ होतो. २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या दुचाकीला ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला, पण चोरीची भरपाई देणारा भाग बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो. कागदावर दोन वेगळ्या तारखा असतात आणि लोक लांबची तेवढी वाचतात.

लायसन्सचं कार्ड पाकिटात, अंगावर. गाडी चोरीला गेली तरी ते आपल्याजवळ राहतं. फोनमध्ये डिजिलॉकर, घरातून निघण्याआधी एकदा उघडून पाहिलेलं, कारण चौका घाटात रेंजचा भरवसा नाही. गाडीत फक्त आरसी आणि विम्याची झेरॉक्स, तीही प्लॅस्टिकऐवजी जाड कागदी पाकिटात आणि मग झिपच्या पिशवीत. भिजली, फाटली, चोराने नेली, तरी नुकसान दोन-चार रुपयांचं.