थोरली, मधला आणि धाकटी

घटस्फोट हा शब्द आमच्या लहानपणी वसईच्या वाड्यांमधून मोठ्याने उच्चारला जात नसे. एखाद्या घरी तसे काही घडले तर 'त्यांचं जरा बिनसलंय' एवढ्यावरच भागवले जाई. आमचेही असेच बिनसले होते. १९८७ सालच्या जून महिन्यात, पहिल्या पावसाच्या आठवड्यात, आमचे पप्पा एक पत्र्याची पेटी आणि एक वळकटी घेऊन घराबाहेर पडले, ते पुन्हा त्या घरात राहावयास आले नाहीत. आम्ही तिघे भावंडे. थोरली त्या वेळी पंधरा वर्षांची होती, मधला नऊ वर्षांचा आणि धाकटी चार वर्षांची. हा लेख आम्ही तिघांनी मिळून लिहिला आहे. त्यातील काही वाक्यांवर आमचे आजही एकमत नाही. तरीही ती तशीच राहू दिली आहेत.

पप्पा गेले आणि त्यांची आई, म्हणजे आमची आजी, सुनेजवळच राहिली. ही गोष्ट गावाला पप्पांच्या जाण्यापेक्षाही चमत्कारिक वाटली. आजी म्हणे, "मुलगा गेला म्हणून नातवंडं थोडीच गेली?" घरात भांडणे नेमकी कशावरून होत, हे आम्हांला आजही धडपणे सांगता येणार नाही. पैसा, वाडीची वाटणी, पप्पांचा हट्ट, आईचा अबोला असे सारेच त्यात होते. पप्पा दारू पीत नसत. आईवर त्यांनी कधी हात उगारला नाही. दोन चांगली माणसे एका छपराखाली राहू शकली नाहीत, असे आज आम्ही म्हणतो. थोरलीला यातील 'चांगली' हा शब्द अजूनही थोडा महाग वाटतो.

त्या आठवड्यात मावश्या, आत्या, शेजारणी घरी आल्या. त्यांनी आम्हां तिघांविषयी जे उद्गार काढले ते आम्हांला अजून आठवतात. थोरलीविषयी म्हणाल्या, 'ती समजूतदार आहे, आईला आधार होईल.' मधल्याविषयी म्हणाल्या, 'पोराला खेळायला पाठवा, विसरेल.' आणि धाकटीविषयी, 'तिला काय कळतंय!' बोलणाऱ्यांच्या मनात माया होती याविषयी शंका नाही. परंतु या उद्गारांमुळे आम्हां तिघांशीही त्या विषयावर पुढे कोणी बोलले नाही.

धाकटीला सारे कळत होते. फक्त ते तिने तिच्या वयाच्या हिशेबाने कळून घेतले होते. पप्पांचा एक लहानसा ट्रान्झिस्टर होता. ते निघून जाण्याच्या दोन दिवस आधी तो तिच्या हातून मोरीतल्या बादलीत पडला आणि पप्पा तिच्यावर ओरडले. चार वर्षांच्या मुलीने त्यावरून एकच अर्थ काढला, आणि तो कोणाला सांगितला नाही. ती पुन्हा अंथरूण ओले करू लागली. आई दुकानात निघाली तरी पदर सोडीना. रात्री दोनदा उठून आई जागेवर आहे की नाही ते चाचपून पाही. पप्पांच्या जुन्या वहाणा पडवीत होत्या, त्या कोणी हलविल्या की आकांत करी. आईला वाटले, जंत झाले असतील. औषध आणले गेले.

मधल्याचे दुःख रागाच्या रूपाने बाहेर पडले. नवव्या वर्षी मुलाला न्याय हवा असतो. कोणाचे चुकले ते त्याला ठरवून हवे असते. एके दिवशी मैदानावर एका मुलाने त्याला सांगितले, 'तुझ्या बापाने भाईंदरला दुसरी बाई ठेवलीय.' मधल्याने त्या मुलाचे नाक फोडले आणि घरी येताना मनाशी ती गोष्ट खरी मानली. त्याला कारण हवे होते, ते मिळाले. पप्पा दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी वसई रोड स्थानकाच्या तिकीट खिडकीजवळ आम्हांला भेटावयास येत, हातात खारी बिस्किटांचा पुडा असे. आजी आम्हांला घेऊन जाई. मधला त्या दिवशी सकाळच्या मिस्सेनंतर केळीच्या वाडीत लपून बसे. अकरा वर्षे तो वडिलांशी बोलला नाही. शाळेच्या अर्जावर वडिलांचे नाव लिहिताना तो इतका दाब देई की कागद फाटे.

थोरलीला कोणी काही विचारलेच नाही. ती दहावीला होती. पप्पांची मनिऑर्डर आली की सही तीच करी, वाण्याची उधारी तीच लिही, आणि रात्री धाकटी झोपल्यावर आई जे बोले ते तीच ऐके. आईला बोलावयास दुसरे कोणी नव्हते. परंतु पंधरा वर्षांच्या मुलीने आपल्या आईच्या संसाराची कहाणी, तीही आपल्याच वडिलांविरुद्धची, रोज रात्री ऐकावी हे योग्य नव्हते. हे वाक्य लिहावे की लिहू नये यावर आमचा वाद झाला. अखेरीस आईला वाचून दाखविले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "लिहा. खरं आहे." मार्च १९८८ च्या परीक्षेत थोरली चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली, त्यामुळे तिचे सारे ठीक आहे अशी सर्वांची खात्रीच पटली.

१९८९ साली आई वकिलाकडे गेली होती. तिला मोकळे व्हायचे होते असे नाही, पण काहीतरी एक ठरावे असे तिला वाटत होते. ख्रिस्ती दाम्पत्यांना त्या काळी १८६९ चा भारतीय घटस्फोट कायदा लागू होता. त्यानुसार पतीला पत्नीचा व्यभिचार तेवढा सिद्ध केला की पुरे. पत्नीला मात्र व्यभिचार आणि त्याच्या जोडीला क्रूरपणा किंवा परित्याग असे काही सिद्ध करावे लागे. दोघांच्या संमतीने वेगळे होण्याची तर सोयच नव्हती. आई परत आली आणि आजीला म्हणाली, "जे झालंच नाही ते मी कोर्टात कसं सांगू?" म्हणजे गावात जी गोष्ट सर्रास बोलली जात होती, ती शपथेवर सांगावयास आमची आई तयार नव्हती. मधल्याला हे त्या वेळी कोणी सांगितले असते तर त्याची पुढची नऊ वर्षे वाचली असती. पण तो 'लहान' होता.

दुसरी एक गोष्ट खास आपल्या वाचकांसाठी नमूद करतो. पप्पा गेल्यापासून आई ख्रिस्तप्रसाद घेईनाशी झाली. 'नवऱ्यापासून वेगळी राहते, तिला कसा चालेल?' असे कोणीतरी बोलले होते आणि तिने ते प्रमाण मानले. रविवारी आम्ही बाकावरून उठून वेदीकडे जात असू आणि तिच्या गुडघ्यांना वळसा घालून पुढे सरकत असू. धाकटीचा प्रथम ख्रिस्तप्रसाद १९९१ साली होता. तयारीच्या वर्गात तिने फादरांना विचारले, "माझ्या आईने काय पाप केलंय?" फादर त्याच संध्याकाळी घरी आले. पोप जॉन पॉल दुसरे यांचे १९८१ चे कुटुंबाविषयीचे पत्र त्यांनी बरोबर आणले होते. विभक्त झालेल्या आणि पुन्हा विवाह न केलेल्या व्यक्तीला केवळ त्या कारणाने संस्कारांपासून दूर ठेवता येत नाही, असे त्यांनी त्यातून आईला समजावून दिले. चार वर्षे ती उगाच बाकावर बसून राहिली होती. त्या दिवशी धाकटीच्या मागोमाग ती वेदीकडे गेली. पप्पाही आले होते. शेवटच्या बाकावर, खांबाच्या आड. मधल्याने त्यांना पाहिले आणि तो देवळाबाहेर निघून गेला.

थोरली पुढे शिक्षिका झाली. समुपदेशनाचा एक अभ्यासक्रम करताना तिच्या हाती ज्युडिथ वॉलरस्टीन आणि जोन केली यांचे 'सर्व्हायव्हिंग द ब्रेकअप' हे १९८० चे पुस्तक आले. या दोघींनी १९७१ पासून कॅलिफोर्नियातील साठ विभक्त कुटुंबांतील १३१ मुलांचा अभ्यास केला होता. शाळेत न जाणारी बालके स्वतःलाच दोष देतात आणि शिकलेल्या सवयी विसरतात. नऊ ते बारा वयाची मुले रागावतात आणि एका पालकाची बाजू घेतात. किशोरवयीन मुले अकाली प्रौढ होतात आणि स्वतःच्या विवाहाविषयी धास्तावतात, असे त्यात लिहिलेले पाहून ती चकित झाली. अमेरिकेतील त्या खाऊनपिऊन सुखी घरांचा आणि आमच्या केळीच्या वाडीचा संबंध काय? तरीही तिघेही जसेच्या तसे त्यात होते. वॉलरस्टीन यांनी आपले निष्कर्ष पुढे अधिकच गडद मांडले. मेव्हिस हेदरिंग्टन यांनी मात्र २००२ च्या आपल्या पुस्तकात अशा मुलांपैकी बहुतेक जण कालांतराने नीट सावरतात असे म्हटले. आम्हांला दोघींचेही पटते. आम्ही सावरलो आहोत. परंतु थोरलीने आलेली स्थळे चौतिसाव्या वर्षापर्यंत परतविली, हेही खरे आहे. विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिरात इतर मुली लाजत होत्या, तेव्हा ही वहीत भांडणाची संभाव्य कारणे लिहीत होती. तिचे यजमान हे अजून सर्वांना हसत सांगतात.

मधल्याने १९९८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, एक दिवस भाईंदर गाठले. त्याला 'ती बाई' पाहावयाची होती. चाळीतील एका खोलीचे दार उघडे होते. आत एक स्टोव्ह, दोन पातेली, एक ताट, खुंटीला छत्री, दोरीवर वाळत घातलेले दोन शर्ट. भिंतीवर धाकटीच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाचा फोटो आणि त्याच्या बाजूला वर्तमानपत्रातले एक कात्रण. आंतरशालेय सामन्यात मधल्याने बळी घेतले होते त्याची ती दोन ओळींची बातमी होती. पप्पा बादलीत कपडे पिळीत होते. त्यांनी वर पाहिले आणि विचारले, "चहा घेतोस?" कप एकच असल्याने स्वतः पेल्यातून चहा घेतला. दोघे पाऊस आणि गाड्यांचे वेळापत्रक यांविषयी बोलले. परतताना मधला चुकीच्या गाडीत बसला आणि बोरिवलीला उतरला.

कायदा हळूहळू बदलला. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ साली ख्रिस्ती स्त्रियांना केवळ क्रूरपणा किंवा परित्याग या कारणावरूनही दाद मागण्याचा मार्ग मोकळा केला. २००१ साली संसदेने जुन्या कायद्यात दुरुस्ती करून परस्पर संमतीचीही तरतूद केली. आईपप्पांचा घटस्फोट २००३ साली झाला, वेगळे झाल्यानंतर तब्बल सोळा वर्षांनी. आता मुले मोठी आहेत, त्यांना काय वाटणार, असे दोघांनीही गृहीत धरले होते. निकालाचा कागद घरी आला त्या दिवशी एकतीस वर्षांची थोरली शाळेच्या शिक्षक-खोलीत हुंदके देऊन रडली. मधल्याने तो वाचून घडी घातला. विसाव्या वर्षातील धाकटीने त्याची एक प्रत मागून घेतली. आईचे आणि पप्पांचे नाव एकाच कागदावर तिने स्वतःच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्याशिवाय दुसरीकडे पाहिले नव्हते.

पप्पा २०१९ साली प्रायश्चित्तकाळात वारले. मृतदेह आजीच्याच घरी आणला. आजी तोवर गेली होती. आईने त्यांच्या हातात माळ गुंफली. दफन झाल्यावर त्या रात्री आम्ही तिघे पडवीत बसलो होतो. इतक्या वर्षांत त्या जून महिन्याविषयी आम्ही तिघे एकत्र असे कधीच बोललो नव्हतो. एकदोघांत तुटक बोलणे झाले असेल तेवढेच. छत्तिसाव्या वर्षी, दोन मुलांची आई झाल्यावर, धाकटीने ट्रान्झिस्टरची गोष्ट प्रथमच सांगितली.

थोरली तिच्याकडे पाहतच राहिली. "अगं, तो बिघडलाच नव्हता," ती म्हणाली. "मीच उन्हात वाळवला होता. जाताना पेटीत घालून घेऊन गेले ते."

"भाईंदरला होता," मधला म्हणाला. "मी गेलो तेव्हा लागलेला होता. बातम्या चालू होत्या."

धाकटी काही बोलली नाही. आतून आईचा आवाज आला, "अजून जागेच का रे तिघं? सकाळी सातची मिस्सा आहे त्यांच्या नावाची."