अस्वलाची दारू आणि नकाशावरून पुसलेला मुलूख

जर्मन लिकर म्हटलं की आपल्याकडे यागरमायस्टर आठवते. ती जडीबुटीवाली, कडवट. मी लिहितोय ती मधाची, 'बेरेनफांग'. अर्थ सरळ आहे, अस्वल पकडणं. मधाचं आमिष दाखवून अस्वलं धरायचे, त्यावरून हे नाव पडलं, असं सांगतात. खरंखोटं अस्वलालाच ठाऊक!

ही मूळची पूर्व प्रशियाची. बाल्टिक समुद्राकाठचा थंडगार मुलूख. तिथे हिला 'मेश्किनेस'ही म्हणत, आणि तो शब्द आला शेजारच्या लिथुआनियन भाषेतून. 'मेश्का' म्हणजे अस्वल. पोलंड-लिथुआनियातही 'क्रुपनिक' नावाची मधाची दारू आहेच. म्हणजे 'अस्सल जर्मन' म्हणून मिरवतात त्या बाटलीत शेजाऱ्यांचाही वाटा आहे.

मी जर्मनीत शिकत असताना शेजारच्या आजी दर डिसेंबरात ती घरी करायच्या. मध मंद आचेवर फक्त पातळ करायचा, उकळू द्यायचा नाही, नाहीतर वास जातो. त्यात दालचिनी, लवंग, व्हॅनिला, लिंबाची साल. मग भांडं आचेपासून लांब नेऊन स्पिरिट ओतायचं आणि काही आठवडे मुरवायचं. एवढ्याशा ग्लासातून घोट घोट प्यायची. आधी नुसता मध लागतो, घशाखाली उतरली की कळतं काय प्यायलो ते.

पण आजींचा तो मुलूख आज नकाशावर नाही.

१९४५ च्या हिवाळ्यात रशियन फौजा आल्या आणि लाखो लोक गोठलेल्या खाडीच्या बर्फावरून गाड्या हाकत पळाले. आजी तेव्हा चार वर्षांच्या. युद्धानंतर उत्तरेचा भाग सोव्हिएत युनियनकडे गेला, दक्षिणेचा पोलंडकडे. कांटचं क्योनिग्सबर्ग १९४६ मध्ये कालिनिनग्राड झालं. उरलेल्या जर्मनांनाही घालवलं गेलं. घर, शेत, पोळी सगळं तिथेच राहिलं. सोबत आली ती आईच्या तोंडी असलेली ही कृती.

निर्वासितांचं हे दुःख आपल्याला परकं नाही. उल्हासनगरच्या कुठल्याही सिंधी घरात विचारा, सिंध सुटला पण साई भाजी सुटली नाही.

मला आजींचं कौतुक वाटतं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. गावाची आठवण काढून त्यांचे डोळे भरायचे, पण "आमच्यावर अन्याय झाला" एवढ्यावर त्या कधी थांबल्या नाहीत. म्हणायच्या, "आग आम्हीच लावली होती. पोलंडवर आधी आम्ही चालून गेलो. तिथल्या ज्यूंचं काय केलं, तेही मुलांना सांगायला हवं."

आपली जखम सगळेच सांगतात. तिच्या आधीचं पान वाचून दाखवणारे थोडे. आपल्याकडेही हल्ली इतिहासाच्या नावाने नुसता मध वाटला जातो, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

गोड लागतं, मान्य. पण अस्वल पकडायलाही मधच लावत होते.