क्रतूच्या शेजारचा तारा

सप्तर्षी न ओळखणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. पतंगाचा चौकोन आणि त्याची शेपटी, एवढं शाळेतच डोक्यात बसतं. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ आणि त्याला बिलगून अरुंधती, हेही बहुतेकांना माहीत असतं. निदान लग्न झालेल्यांना! आमच्या लग्नात गुरुजींनी भर दुपारी मांडवाच्या कापडाकडे बोट दाखवून "अरुंधती दिसली का?" असं विचारलं होतं आणि आम्ही दोघांनी एका सुरात "दिसली" म्हटलं होतं.

असो. आज अरुंधतीबद्दल लिहायचं नाहीये. लिहायचंय ते चौकोनाच्या टोकाला असलेल्या क्रतूबद्दल.

क्रतूचा उपयोग आपल्याला पक्का ठाऊक असतो. पुलहाकडून क्रतूकडे रेष काढायची, ती साधारण पाचपट पुढे न्यायची, की ध्रुव सापडतो. सापडला की आपली नजर ध्रुवावर जाते आणि क्रतूचं काम संपतं. रस्ता विचारून पुढे निघून जावं तसं.

एकदा तिथेच थांबून बघा. एप्रिल-मे महिन्यात रात्री नऊच्या सुमाराला सप्तर्षी उत्तरेला चांगले वर आलेले असतात. साधा बायनॉक्युलर असला तरी पुरे. पुलह पांढरा दिसेल आणि क्रतू पिवळसर नारिंगी. हा रंग म्हाताऱ्या होत चाललेल्या ताऱ्याचा आहे. गाभ्यातला हायड्रोजन संपला की तारा फुगतो आणि त्याचा पृष्ठभाग थंडावतो. क्रतू फुगून सूर्याच्या पंचवीस-तीसपट रुंद झालाय. खगोलशास्त्रात अशा ताऱ्याला नारिंगी राक्षसी तारा म्हणतात. आपल्यापासून तो सुमारे १२३ प्रकाशवर्षं दूर आहे.

आणि तो एकटा नाही.

१८८९ साली बर्नहॅम नावाच्या अमेरिकन निरीक्षकाला त्याच्या अगदी अंगाशी दुसरा एक तारा दिसला. या बर्नहॅमची गंमत म्हणजे त्याने आयुष्याची कित्येक वर्षं शिकागोच्या कोर्टात लघुलेखकाची नोकरी केली. दिवसा दुसऱ्यांची भांडणं लिहून घ्यायची आणि रात्री आकाशातल्या जोड्या शोधायच्या! क्रतूचा जोडीदार मोठ्या ताऱ्यापेक्षा कितीतरी मंद आहे आणि त्याच्या झगमगाटात बुडून गेलेला असतो. हौशी दुर्बिणीतून तो सहजासहजी सुटा दिसत नाही. दोघं एकमेकांभोवती सुमारे ४४ वर्षांत एक फेरी घालतात. म्हणजे बर्नहॅमने पाहिल्यापासून त्यांच्या जेमतेम तीन फेऱ्या झाल्यात.

मला खरा विचारात पाडलं ते अंतराच्या आकड्यांनी. क्रतू आणि त्याचा जोडीदार यांच्यातलं सरासरी अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या साधारण २३ पट आहे. आपल्या सूर्यमालेत मांडलं तर युरेनसच्या पलीकडे आणि नेपच्यूनच्या अलीकडे. वसिष्ठ आणि अरुंधतीमधलं अंतर मात्र पृथ्वी-सूर्य अंतराच्या निदान सतरा हजार पट आहे! आदर्श जोडपं म्हणून आपण ज्यांना हात जोडतो, ते नुसत्या डोळ्यांना दोन दिसतात ते मुळात इतके लांब असल्यामुळे. आणि जे खरोखर जवळ आहेत ते एकच दिसतात.

पुराणांनी क्रतूला बायको दिलेली आहे. भागवतात तिचं नाव क्रिया, विष्णुपुराणात सन्नती. साठ हजार वालखिल्यांची ती आई. पण वसिष्ठाशेजारी अरुंधती बसली तशी आकाशात तिला जागा मिळाली नाही.

हे वाचताना मला माझी आजी आठवली. आणि खरं म्हणजे आबा आठवले.

आजी गावातली सुईण. पाटणच्या बाजूला डोंगरात आमचं गाव. वाड्यावस्त्यांवरून रात्री-अपरात्री हाक यायची, "आक्का, चला, पोरगी अडलीय." आजी लुगडं खोचून निघायची. पुढे कंदील आणि काठी घेऊन आबा. आजी घरात शिरली की आबा बाहेर ओट्यावर बसायचे. आत ती बाईला धीर द्यायची, बाहेर हे तिच्या नवऱ्याला. आतल्या आवाजांवरून त्यांना बरंच कळायचं म्हणे. कधी काम आजीच्या हातातलं राहिलं नाही तर ती आतून "गाडी" एवढंच ओरडायची. तोवर बैल जुंपून झालेले असायचे.

गावाने आजीचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, फोटो. तो फोटो आजही आमच्या बैठकीत आहे. त्यात आबा नाहीत.

१९७८ साली आबा गेले. त्यानंतर आजी रात्रीच्या हाकेला कधी गेली नाही. दिवसा जायची, तेही जवळपास. गाव म्हणालं, आक्का थकली. आम्हीही तेच म्हणायचो. पुढे आजी गेली तेव्हा दहाव्याला वरच्या वाडीतला एक म्हातारा माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "माझा थोरला आक्कानं काढला, पन त्या रातीला मला आबानं धरून ठिवलं हुतं. न्हायतर मी पळूनच गेलो असतो."

आजीबद्दल शंभर गोष्टी ऐकल्या होत्या. आबांबद्दल ही पहिलीच.

काही तारे दुर्बिणीतूनही वेगळे दिसत नाहीत. मोठा तारा किंचित हलतो, त्यावरून शेजारी कोणीतरी आहे हे कळतं. आजीचं रात्रीचं जाणं थांबलं ते तसंच हलणं होतं. पण त्याला आम्ही थकवा हे नाव देऊन मोकळे झालो.

आबांना पाहिलेली माणसं आता घरात दोनच उरली आहेत, मी आणि माझी मोठी बहीण. आमच्यानंतर आजीचा फोटो राहील, त्याखालचं नाव राहील. कंदील कोणाच्या हातात होता ते सांगायला कोणी नसेल. म्हणून हे लिहून ठेवतोय. त्यांचं नाव गणपत. उंचीने बेताचे, आवाज अगदी हळू, आणि अंधारात पाय कुठे टाकायचा हे त्यांना बरोबर ठाऊक असायचं.