मॉडेलमधला बर्फ तपासताना

हवामानाच्या मॉडेलमधला बर्फ खऱ्या बर्फासारखा वागतो का, हे पुण्यात बसून तपासायचं काम माझ्याकडे आलं. बर्फ मी पाहिला होता तो फक्त सहलीत. सरांनी सांगितलं, जिथली मोजमापं खुली मिळतात तिथूनच सुरुवात कर. म्हणून फ्रान्समधल्या ग्रनोबलजवळचं कोल द पोर्त घेतलं. उंची 1325 मीटर, आणि नोंदी कित्येक दशकांच्या.

मॉडेल चालवलं, तर त्यातला बर्फ खऱ्याच्या कितीतरी आधी संपला. वाटलं, वितळण्याच्या सूत्रात घोळ असेल. सर म्हणाले, "आधी पडला किती ते बघ." तिथेच मेख होती. कोल द पोर्तला हिवाळ्यात पारा शून्याच्या आसपास घुटमळतो. किती तापमानाखाली बर्फ धरायचा आणि वर पाऊस, याची रेघ मॉडेलमध्ये ठरलेली असते. ती एखाद्या अंशाने हलली तरी मोसमभराचा हिशेब बदलतो. आमच्याकडे ओला बर्फ पाऊस म्हणून वाहून जात होता.

रेघ दुरुस्त केली आणि बर्फाची जाडी जुळली. हायसं वाटलं. पण बर्फातलं पाणी मोजलेल्या पाण्याशी जुळेना. मीटरभर ताज्या बर्फात साधारण 100 मिलिमीटर पाणी असतं, वसंतात दबलेल्या बर्फात 300 ते 400. म्हणजे नुसती जाडी जुळून काही सिद्ध होत नाही. दोन चुका एकमेकींना झाकतात. त्या आठवड्यात काम सोडून द्यावंसं वाटलं होतं.

मग परावर्तन तपासलं. ताजा बर्फ 80 ते 90 टक्के सूर्यप्रकाश परत फेकतो, जुना ओला बर्फ बराच कमी. मॉडेलमध्ये तो लवकर काळवंडला, तर ऊन जास्त शोषलं जातं, बर्फ वितळतो, खालची गडद जमीन उघडी पडते आणि आणखी तापते. हवामानबदलाच्या अंदाजात या चक्राला महत्त्व आहे ते याचमुळे.

शेवटी फिनलंडमधलं सोदांक्युला घेतलं. ते आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला. भर हिवाळ्यात तिथे पाऊस की बर्फ हा प्रश्न फारसा येत नाही. अडचण निघाली जमिनीत. बर्फ गोधडीसारखा जमिनीची ऊब राखतो. आमच्या मॉडेलमध्ये तो जास्त दबलेला होता, त्यामुळे ऊब निसटत होती आणि माती खऱ्यापेक्षा थंड दाखवली जात होती. मातीच्या तापमानाच्या नोंदी नसत्या, तर हे कळलंच नसतं.

हे काम कुणी हाती घेत असाल, तर मॉडेलला दोष देण्याआधी त्याला दिलेला पाऊस-बर्फ तपासा. वाऱ्यामुळे मापकात बर्फ कमी पडतो, तेही बघा. जाडी, पाणी, परावर्तन आणि मातीचं तापमान एकत्रच ताडून पाहा. आणि एकाच ठिकाणच्या निकालावर मॉडेल पास करू नका.