का गेले, हे विचारणे हीही सेवाच

घरातील वडीलधारे माणूस गेले की भेटायला येणारा प्रत्येक जण एकच सांत्वन करतो : "वय झालेच होते." बाबा पावसाळ्यातील एका रात्री गेले, तेव्हा आम्हीही ते ऐकले. पण दुपारी तापात चहा मागणाऱ्या बाबांना वैनगंगेपलीकडच्या मोठ्या रुग्णालयाकडे हलवेपर्यंत सात तास उलटले होते. त्या सात तासांत काय घडले, हे कोणी सांगेना. तेरवी झाली, तरी ते तास मनातून जाईनात.

चौकशी मागू या, असे म्हणताच आई घाबरली. "आता विचारून बाबा परत येणार का?" मलाही कोणाला शिक्षा नको होती, उत्तर हवे होते.

मृत्यूचे कारण विचारण्याने काय साधते, हे आपल्याच गडचिरोली जिल्ह्याने दाखविले आहे. १९८८ च्या सुमारास येथे हजार जन्मांमागे १२१ बालके वर्षाच्या आत दगावत. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने घरोघरी आप्तांना विचारून प्रत्येक बालमृत्यूचे कारण नोंदविले, त्यावरून उपाय ठरविले आणि गावातील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकविले. २००३ पर्यंत संस्थेच्या गावांत हा आकडा ३० वर आला.

आपल्यावर अशी वेळ आलीच, तर काही गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. मृत्यूविषयी शंका असेल, तर शवविच्छेदनाची मागणी अंत्यविधीपूर्वीच करावी. दहनानंतर तो मार्ग बंद होतो. घटनाक्रम वेळेसह त्याच आठवड्यात लिहून काढावा. औषधांच्या चिठ्ठ्या, पावत्या जपाव्यात. उपचारांच्या कागदपत्रांसाठी लेखी अर्ज करावा. मागणीनंतर ७२ तासांत ती देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. शासकीय रुग्णालयाविषयीची तक्रार जिल्हा शल्यचिकित्सकांकडे देऊन पोच घ्यावी. अर्जात आरोप कमी, प्रश्न नेमके असावेत. आम्ही दोनच विचारले : पुढे पाठविण्याचा निर्णय केव्हा झाला? रुग्णवाहिका केव्हा मिळाली?

चार महिन्यांनी उत्तर आले. निर्णयाला उशीर झाला होता, आणि एकमेव रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेली होती. वेळेत पोहोचते तर बाबा वाचलेच असते, असे त्यात म्हटले नव्हते. मात्र घरच्यांनी रुग्णाला वेळेवर आणले होते, अशी स्पष्ट नोंद होती.

मी ते वाक्य वाचले आणि आईने ते पुन्हा वाचायला लावले. मग हलकेच म्हणाली, "म्हणजे मी उशीर केला नव्हता." इतके महिने ती चौकशीला का भीत होती, ते मला तेव्हा उमगले.

शुश्रूषा करणाऱ्यांच्या मनात अपराधाचे असे ओझे बहुधा न बोलता राहते. म्हणून सांगतो, प्रश्न विचारण्यास कचरू नका. उत्तर गेलेल्यास परत आणत नाही; पण मागे उरलेल्यास ते जगण्याचे बळ देऊ शकते.