अम्मीच्या सात चौकटी

आम्ही दोघे भाऊ साताऱ्यात, बहीण सांगलीत. दिवाळीच्या सुटीत तिची सहावीतली मुलगी आमच्याकडे आली ती गणिताची वही घेऊनच. अपूर्णांकांपाशी गाडी अडलेली. एक चतुर्थांश मोठा की एक अष्टमांश? ‘आठ मोठे, म्हणून अष्टमांश,’ ती ठामपणे म्हणाली. आमच्या अब्बांना पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ होती. आता ते पाढे कोण म्हणतो?

चौकटींच्या वहीचा कागद घेतला. आठ उभे रकाने, पाच आडव्या ओळी, चौकटी चाळीस. दोन रकाने रंगवले की पाव, एकच रंगवला की अष्टमांश. तिला लगेच दिसलं.

मग उत्साहाच्या भरात आम्ही घरचंच उदाहरण घेतलं. सूरे निसामध्ये वारसांचे हिस्से अपूर्णांकांतच सांगितले आहेत. नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिझ्मींनी बीजगणिताच्या ग्रंथात अशा वाटण्यांच्या गणितांना भरपूर जागा दिली, हेही तिला सांगितलं. ‘तुझे नाना गेले. कर्ज नाही, वसियत नाही. मागे नानी, दोन मुलगे, एक मुलगी. मुलंबाळं आहेत म्हणून नानीला अष्टमांश.’ तिने एक रकाना पिवळा केला. उरल्या सात-सात चौकटींच्या पाच ओळी. मुलाला मुलीच्या दुप्पट. म्हणून दोन ओळी हिरव्या, दोन निळ्या, एक लाल.

‘नानी पाच, दोघे मामू चौदा-चौदा, अम्मी सात. चाळीस! जुळलं!’ आणि त्याच दमात, ‘मामू, अम्मीच्या सात चौकटी कुठे आहेत?’

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. अब्बांच्या इंतकालानंतर घराच्या जागेसाठी बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घेतलं होतं. ‘माहेर राहू दे, बाकी काही नको,’ म्हणत तिने सही केली. खुशीने दिलं, असं आम्ही इतकी वर्षं सांगत आलो. तिचा हिस्सा किती, हे मात्र सहीआधी तिला कुणी सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे आम्हीही कधी मांडून पाहिलं नव्हतं. अम्मी दारात उभी राहून ऐकत होती. काही बोलली नाही.

भाचीला पोहोचवायला आम्ही दोघेही सांगलीला गेलो. कागद बहिणीपुढे ठेवला. तिने लाल ओळीवर बोट ठेवलं, बराच वेळ तसंच.

‘यात मागची खोली येते का रे?’ तिने विचारलं.

‘मोजून घेऊ,’ आम्ही म्हणालो.