ज्याची भाषा, त्याची बोली

चेन्नईतल्या माझ्या संगणकात इंटेलचा प्रोसेसर आहे; मला प्रोग्राम लिहायचे होते ते ‘शक्ती’साठी. शक्ती ही याच शहरातल्या आयआयटी मद्रासची प्रोसेसर-मालिका. तिची एक चिप 2018मध्ये चंडीगडजवळच्या सेमी-कंडक्टर लॅबोरेटरीत 180 नॅनोमीटर तंत्राने घडली. शक्तीला कळते ती रिस्क-फाइव्ह, म्हणजे 2010मध्ये बर्कली विद्यापीठात आकाराला येऊ लागलेली, सर्वांना खुली असलेली आज्ञांची भाषा. इंटेलला ती परकी.

मधला दुभाषी म्हणजे क्रॉस-कंपायलर. राहतो एका यंत्रावर, लिहितो दुसऱ्यासाठी. तो उभा करण्यात एक गंमत आहे. सी भाषेची लायब्ररी बांधायला कंपायलर लागतो आणि पूर्ण कंपायलरला लायब्ररी लागते. म्हणून आधी असेंब्लर-लिंकर, मग अर्धामुर्धा कंपायलर, त्याच्याकडून लायब्ररी, आणि मग तिच्या आधाराने पुरता कंपायलर. परक्या गावात भाषा शिकतानाही हेच होतं. मोडक्या तमिळवरच मी पुढची तमिळ मिळवली.

पहिला छोटा प्रोग्राम बिनतक्रार कंपाइल झाला. इंटेलने तो चालवायला साफ नकार दिला, आणि तोच नकार मला हवा होता. स्पाइक या सिम्युलेटरवर मात्र अक्षरं उमटली.

एवढ्यावर चाचणी संपत नाही. रिस्क-फाइव्हमध्ये पूर्णांकांचा गाभा सक्तीचा. गुणाकार-भागाकार, दशांश अपूर्णांकांचं गणित, 16 बिटांच्या आखूड आज्ञा हे सारं ऐच्छिक. चिप बदलली की निवड बदलते. मी सिम्युलेटरला आखूड आज्ञा न समजणाऱ्या प्रोसेसरचं सोंग घ्यायला लावलं. तोच प्रोग्राम अडला. लायब्ररीसकट सगळं त्या बेताने पुन्हा बांधल्यावर चालला.

चेन्नईत तंजावरी मराठी बोलणारी कुटुंबं आहेत. भोसल्यांच्या राज्याबरोबर सतराव्या शतकात इकडे आलेल्यांचे ते वंशज. त्यांच्या बोलण्यात तमिळ इतकी मुरली आहे की माझे कान मध्येच अडखळतात, आणि माझी पुस्तकी मराठी ऐकताना त्यांचेही. दोन्हीकडे मराठीच. पूर्वी मला वाटे, भाषांतर शुद्ध आहे की नाही हे लिहिणाराच ठरवतो. आता कळतं, समोरच्याकडे कोणत्या आज्ञा आहेत हे आधी विचारावं लागतं. कंपायलरला ते स्पष्ट सांगण्याची सोय आहे. माणसांच्या बाबतीत ऐकत राहावं लागतं.